पाकिटावरचे, पाकिटातले आणि पेढीतले : ‘अपाचे कॅमल’च्या चौथ्या पिढीचा परिचय

आपल्या सभासदांपैकी ज्यांची दुकाने एकाहून अधिक गावी आहेत, त्यांच्या पेढीवर आज तीन-चार निरनिराळ्या संगणक-प्रणाली एकत्र नांदत असतात. बिल एका प्रणालीत तयार होते, कोठारातील माल दुसरीत मोजला जातो, बँकेचा भरणा तिसरीत दिसतो आणि ई-इनव्हॉइसचे सरकारी दालन तर सर्वस्वी परक्याच्या ताब्यात असते. पूर्वी बिलावरून खतावणी आणि खतावणीवरून उगाही असा प्रवास मुनीम आपल्या हाताने घडवून आणीत. आता या प्रणालींमध्ये निरोपांची ने-आण करणारा मध्यस्थ लागतो, आणि तो प्रत्येक पेढीने नव्याने घडवू नये म्हणून तयार सांगाडे उपलब्ध झाले आहेत. त्यांतील बहुश्रुत असा एक सांगाडा म्हणजे ‘अपाचे कॅमल’. त्याच्या चौथ्या पिढीत कोणत्या नव्या सोयी आल्या आणि त्यांचा आपल्या व्यवहाराशी काय संबंध पोहोचतो, हे येथे सांगण्याचे योजिले आहे.

ग्रेगर होपे आणि बॉबी वुल्फ या दोघांनी २००३ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. निरनिराळ्या प्रणालींमध्ये निरोप कसे पाठवावेत, वाटेत ते कसे वाटावेत, फोडावेत, पुन्हा जुळवावेत, याच्या ६५ रीती त्यांनी नावे देऊन नोंदविल्या. त्या रीती प्रत्यक्ष वापरता याव्यात म्हणून २००७ मध्ये कॅमलचा जन्म झाला. नावाचा अर्थ उंट. ओझे वाहणाऱ्याला साजेसेच नाव आहे. दुसरी पिढी २००९ च्या ऑगस्टात, तिसरी २०१९ च्या नोव्हेंबरात आणि चौथी १४ ऑगस्ट २०२३ रोजी आली. अपाचे संस्थेच्या परवान्याखाली तो कोणालाही विनामूल्य वापरता येतो. मात्र विनामूल्य म्हणजे बिनखर्ची अशी समजूत कोणी करून घेऊ नये. तो बसविणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या माणसाचा पगार पेढीलाच द्यावा लागतो.

नव्या सोयी समजण्यापूर्वी निरोपाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. प्रत्येक निरोपाचे दोन भाग असतात. पाकिटातील मजकूर, म्हणजे प्रत्यक्ष बिल किंवा मागणीपत्र, यास ‘बॉडी’ म्हणतात. पाकिटावरील पत्ता, शिक्के आणि सूचना यांस ‘हेडर’ म्हणतात. निरोप एका प्रणालीतून दुसरीत जातो तेव्हा मजकुराबरोबर पाकीटही जाते. ही साधी गोष्ट पुष्कळांच्या लक्षात राहत नाही, आणि तोटा होतो तो बहुधा तेथेच.

चौथ्या पिढीच्या आरंभी जो बदल आला तो सोयीचा कमी आणि सक्तीचा अधिक होता. कॅमल ज्या जावा भाषेत लिहिला आहे तिची किमान १७ वी आवृत्ती आता आवश्यक झाली. तिसऱ्या पिढीचा आरंभ झाला तेव्हा ८ व्या आवृत्तीवर काम भागत असे. त्याबरोबर शेकडो अंतर्गत नावे बदलली. या नामांतराची हकीकत व्यापाऱ्यास रुचेल अशी आहे. ओरॅकल कंपनीने मोठ्या उद्योगांसाठी असलेला जावाचा संच एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेच्या स्वाधीन करण्याचे २०१७ मध्ये ठरविले. माल दिला, कारखाना दिला. परंतु ‘जावा’ हे व्यापारचिन्ह स्वतःकडेच ठेवले. जुन्या नावाखाली नव्या धन्यास संच पुढे वाढविता येईल असा करार काही जमेना. अखेर जावा बेटावरील जाकार्ता शहराचे नाव संचास मिळाले, आणि डिसेंबर २०२० च्या आवृत्तीत ‘जावाएक्स’ने सुरू होणारी त्यातील नावे ‘जाकार्ता’ने सुरू होऊ लागली. कॅमलने चौथ्या पिढीत ही नवी नावे स्वीकारली. दुकान विकत घ्यावे आणि पाटी मात्र जुन्या मालकाने उतरवून न्यावी, तशातला हा प्रकार. ज्यांच्या पेढीत तिसऱ्या पिढीचा कॅमल चालू आहे त्यांस प्रोग्रॅमर जे मोठे अंदाजपत्रक देतो, त्यातील बरीचशी रक्कम या पाट्या बदलण्याची असते. ती अवास्तव समजू नये.

खरी उपयुक्त भर पडली ती फेब्रुवारी २०२४ मधील ४.४ या आवृत्तीत. तिचे नाव ‘व्हेरिएबल’. समजा, बेळगावच्या पेढीतून इंदूरच्या एका गिऱ्हाइकाची मागणी निघाली. वाटेत तिला गिऱ्हाइकाची उधारीची मर्यादा, आपला खरेदीभाव आणि द्यावयाची सूट या गोष्टी तपासावयाच्या आहेत. तपासताना ही टिपणे कोठे तरी लिहून ठेवावी लागतात. जागा हाताशी म्हणून प्रोग्रॅमर ती पाकिटावर, म्हणजे हेडरमध्ये लिहीत. पुढे तेच पाकीट समोरच्याच्या प्रणालीकडे गेले, की न वगळलेले हेडरही त्याबरोबर जावयाचे. आपली खुणेची किंमत आपणच पाकिटावर लिहून गिऱ्हाइकाकडे पोहोचविण्याचा हा मार्ग होय. कॅमलमध्ये ‘प्रॉपर्टी’ नावाचा एक आतला खण पूर्वीपासून होता हे खरे. परंतु कॅमल स्वतःचीही टिपणे त्याच खणात ठेवतो, यास्तव दोहोंची सरमिसळ होई. व्हेरिएबल हा केवळ आपल्या टिपणांसाठी राखलेला खण आहे. तो एका निरोपापुरता, एका मार्गापुरता किंवा सर्व मार्गांना सामाईक असा ठेवता येतो, आणि आपण होऊन पाकिटावर उतरवीपर्यंत त्यातील काही बाहेर जात नाही.

याच सोयीचा दुसरा उपयोग त्याहून नित्याचा आहे. मागणी वाटेत असताना कोठारास ‘माल शिल्लक आहे काय?’ असे विचारावे, तर पूर्वी कोठाराचे उत्तर मूळ मागणीच्या जागी येऊन बसे. म्हणून आधी मागणी बाजूस काढून ठेवावी, उत्तर वाचावे, मग मागणी पुन्हा जागेवर ठेवावी, असा द्राविडी प्राणायाम चाले. आता आलेले उत्तर थेट व्हेरिएबलमध्ये घेता येते आणि मागणी जागची हलत नाही. ऐकावयास क्षुल्लक वाटेल, पण मागणी परत ठेवावयाची राहिली आणि कोठाराचे उत्तरच बिल म्हणून पुढे गेले, असा घोटाळा या अदलाबदलीतूनच होतो.

पाकिटावरील मजकूर बाहेर जातो तसा तो बाहेरून आतही येतो. कॅमल आपल्या घटकांस हुकूम देतो तेही काही वेळा हेडरमधूनच. अशा हेडरांची नावे ‘कॅमल’ या शब्दाने सुरू होतात. बाहेरच्याने आपल्या पाकिटावर असा हुकूम लिहून पाठविला तर तो खोडून टाकण्यासाठी दारावर गाळणी बसविलेली असते. मार्च २०२५ मध्ये असे उघड झाले, की ही गाळणी रोमन लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांबाबत फार काटेकोर होती. त्यामुळे ‘कॅमल’ शब्द वेडीवाकडी लहान-मोठी अक्षरे मिसळून लिहिला की तो गाळणीतून सुटे, आणि आतला घटक मात्र त्यास खरा हुकूम समजे. ठरावीक घटक वापरणाऱ्या मार्गांवर परक्यास त्यामुळे नको ते काम करवून घेता आले असते. दुरुस्ती ४.१०.२, ४.८.५ आणि ३.२२.४ या आवृत्तींत करण्यात आली. आपल्या पेढीत याहून जुनी आवृत्ती असेल तर प्रोग्रॅमरला आजच विचारावे. दारावरील गुमास्त्याने सही ओळखावी, पण शाई निळी असली तर ओळखू नये, असे झाले होते.

आता एक गोष्ट जी नवी नाही, परंतु तिच्यावाचून नव्या सोयी निरर्थक ठरतात. तार तुटली, प्रणाली मध्येच बंद पडली, म्हणजे निरोप पुन्हा पाठवावा लागतो, आणि तोच निरोप दोनदा पोहोचण्याचा संभव उत्पन्न होतो. दोनदा पोहोचलेल्या भरण्याच्या निरोपाचा अर्थ दोनदा गेलेली रक्कम. आपल्या पूर्वजांनी ही अडचण हुंडीच्या व्यवहारात सोडविली होती. हुंडी गहाळ झाली तर पेठ निघे, पेठही गहाळ झाली तर परपेठ. परंतु प्रत्येकीवर मूळ हुंडीची खूण असे, आणि तिघींपैकी एकीचे पैसे चुकते झाले की बाकीच्या रद्द. कॅमलमध्ये हेच काम ‘आयडेम्पोटंट कन्झ्युमर’ नावाची रीत करते. प्रत्येक निरोपाची खूण ती वहीत पाहते. नोंद आढळली तर निरोप बाजूस टाकते.

प्रश्न असा, की खूण म्हणून काय घ्यावे? वाहतूक करणारी प्रणाली प्रत्येक पाकिटावर स्वतःचा क्रमांक घालते, आणि तोच घेणे प्रोग्रॅमरला सोपे जाते. परंतु पेढीने तेच बिल पुन्हा पाठविले तर पाकीट नवे, म्हणून क्रमांकही नवा; वही त्यास नवे बिल समजणार. खूण पाकिटातील हवी, पाकिटावरील नको. सरकारी ई-इनव्हॉइसचा दाखला येथे घेण्याजोगा आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून, ठरावीक अपवाद वगळता, ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक आहे त्यांस व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांमधील बिले या दालनात नोंदवावी लागतात. तेथे मिळणारा ६४ अक्षरांचा संदर्भ क्रमांक विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि त्याचा क्रमांक यांवरून तयार होतो. तेच बिल दहा वेळा पाठविले तरी क्रमांक तोच निघतो, म्हणून दुसरी नोंद नाकारली जाते. आपल्या भरण्याच्या मार्गासही अशीच खूण ठरवून द्यावी, आणि ती प्रोग्रॅमरने नव्हे, हिशेब पाहणाऱ्या माणसाने ठरवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खुणांची वही कोठे ठेवली आहे हेही पाहावे. सर्वांत सोपी वही संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. वेगळे सांगितले नाही तर तिच्यात १००० खुणा मावतात; पुढे जुन्या पुसल्या जातात, आणि यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले की वही कोरी. चाचणीसाठी ती ठीक आहे. पैशाच्या व्यवहारास फाइलमधील किंवा, त्याहून बरे, डेटाबेसमधील वही हवी. कॅमल दोन्ही पुरवितो. निवड न केल्यास दोष त्याच्याकडे जात नाही.

बाकीच्या सोयी थोडक्यात सांगता येतील. मार्ग जावाखेरीज एक्सएमएल किंवा याम्ल या सुटसुटीत लेखनपद्धतींतही लिहिता येतात, त्यामुळे थोडी सवय झालेल्या हिशेबनिसास मार्ग वाचून तरी पाहता येतो. ‘जेबँग’ या साधनाने एकच लहान फाइल लिहून मार्ग ताबडतोब चालवून बघता येतो.

ज्यांनी अद्याप तिसरी पिढी सोडलेली नाही त्यांनी ध्यानात घ्यावे, की तिच्या शेवटच्या ३.२२ या आवृत्तीची मुदत डिसेंबर २०२४ मध्ये संपली आहे. बदल करताना मार्चअखेर आणि दिवाळीची घाई टाळावी. कॅमलमध्येच ‘वायर टॅप’ नावाची रीत आहे. चालू मार्गावरील प्रत्येक निरोपाची नक्कल ती बाजूस काढून देते. या नकला महिनाभर नव्या मार्गास द्याव्यात, त्याचे बँकेकडील आणि सरकारी दालनाकडील दार मात्र बंद ठेवावे, आणि रोज सायंकाळी जुन्या व नव्या मार्गाची बेरीज मुनिमांनी ताडून पाहावी. ती सलग महिनाभर जुळली, की मगच जुना मार्ग बंद करावा.