टाकाऊतून खुराडं, पण पक्कं!

येलहंका म्हणजे बंगळूरूचं उत्तरेकडचं उपनगर. इथे सतत कुठे ना कुठे बांधकाम चालू असतं आणि ते संपलं, की फळ्या, पत्रे, जाळीचे तुकडे उरतात. मालकाला विचारून ते आणलेत, तर चार-पाच कोंबड्यांचं खुराडं जवळजवळ फुकटात होईल. परसात पाळायची गिरिराज कोंबडीसुद्धा जवळच्या हेब्बाळमध्येच विकसित झाली आहे!

पण फुकटचं सगळंच घेऊ नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोंबडी रंगाचे पापुद्रे टिपते आणि ते शिसं अंड्यातून मुलांच्या पोटात जाऊ शकतं. म्हणून रंग उडालेलं लाकूड नको. सिमेंटचे जुने पत्रे कापू नका. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असेल, तर धूळ फुप्फुसांना घातक ठरते.

पाच कोंबड्यांना 4 बाय 4 फुटांची जागा पुरे. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवा. हवेसाठी वरच्या बाजूला झरोका ठेवा, बसायला आडवा दांडा लावा आणि अंड्यांसाठी भुसा भरलेला खोका ठेवा.

खिशात थोडे पैसे असतील, तर ते जाळीवर खर्च करा. पातळ षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्या-मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्धा इंची, जाड तारेची जाळी घ्या. दाराला पक्की कडी लावा आणि दिवेलागणीला ती न विसरता घाला. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही; तिची राखण तुमच्याच हाती असते.