निखाऱ्यावरचे जेवण

गेल्या रविवारी धाकट्या भावाने नालासोपारा पश्चिमेला, चक्रेश्वर तलावाच्या बाजूच्या एका साध्या हॉटेलात जेवायला बोलावले. अम्मीच्या इंतेकालनंतर आम्ही भावंडे निवांत अशी बसलोच नव्हतो.

हॉटेलच्या दारातच कोळशाची शेगडी होती. निखाऱ्यांवर राख धरली की मगच सीख चढवायची, ही अम्मीची शिकवण. ज्वाळेवर कबाब वरून करपतो, आत कच्चाच राहतो. बोटीला बहुधा कच्ची पपई लावली होती. पपईतल्या पपेनमुळे मटण लवकर मऊ होते, पण जास्त लावून रात्रभर ठेवले तर लगदा होतो. बकरी ईदला किती घरांत हा घोळ होतो!

नान तोडता तोडता भाऊ म्हणाला, "आपा, अब्बांच्या घराचं हक्कसोडपत्र तयार आहे. फक्त तुमची सही हवी."

हातातला घास हातातच राहिला. मुलीला मुलाच्या निम्मा वाटा, हे सूरह निसाच्या 11व्या आयतीत स्पष्ट आहे. आम्ही दोघेच वारस, म्हणजे आमचा एक तृतीयांश. वाटा खुशीने सोडणे वेगळे आणि 'बहिणी मागत नाहीत' म्हणून सोडायला लावणे वेगळे.

"सही करणार नाही. पण घर विकायलाही सांगणार नाही. आधी दोघांची नावं लावू," आम्ही म्हणालो.

तो बराच वेळ गप्प होता. मग शेवटची सीख आमच्या ताटात सरकवली. कागद पिशवीतच राहिले. बिलावरून मात्र नेहमीसारखे भांडलो.