यमुनापर्यटन : समीक्षेचा बदलता दृष्टिकोन

यमुनापर्यटन ही बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांची १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेली मराठी कादंबरी होय. तिचे पूर्ण नाव यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण असे आहे. धर्मप्रचाराचे पुस्तक, कादंबरीचा अपरिपक्व प्रयत्न, मराठी वास्तववादाचा उगम आणि स्त्रीजीवनाचा दस्तऐवज अशा निरनिराळ्या नात्यांनी ती आजवर वाचली गेली. संहिता तीच राहिली. बदलल्या त्या समीक्षेच्या कसोट्या. त्यामुळे या कादंबरीच्या मूल्यमापनाचा इतिहास हा काही अंशी मराठी कादंबरीविषयक विचाराचाही इतिहास ठरतो.

बाबा पदमनजी यांचा जन्म बेळगावचा. विद्यार्थिदशेत ते मुंबईच्या परमहंस सभेच्या संपर्कात आले व १८५४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी ही कादंबरी निघाली. यमुना ही सुशिक्षित तरुणी व तिचा पती विनायक यांचा कल ख्रिस्ती धर्माकडे आहे. दोघे प्रवासास निघतात. वाटेत निरनिराळ्या विधवांची गाठ पडून त्यांच्या कहाण्या त्यांना कळतात. पुढे विनायकाचा अकाली मृत्यू होतो आणि इतरांचे दुःख पाहणाऱ्या यमुनेवर स्वतःच वैधव्य ओढवते. अखेर ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. जॉन बन्यनच्या ग्रंथाचे यात्रिकक्रमण हे मराठी भाषांतर १८४१ मध्येच झाले होते. प्रवासातून श्रद्धेकडे जाण्याची त्यातील रीती या कादंबरीतही दिसते. तथापि यमुनेच्या वाटेवर रूपकातील व्यक्ती नसून सोवळ्या केलेल्या स्त्रिया आहेत. हा फरक महत्त्वाचा आहे.

प्रारंभीच्या काळात या कादंबरीस वाङ्मयीन प्रतिष्ठा लाभली नाही. तिचा ख्रिस्ती शेवट हा एक अडसर होता, तर दुसरा अडसर वाचकांच्या अभिरुचीचा होता. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या मुक्तामाला (१८६१) व रत्नप्रभा (१८६६) या अद्‌भुतरम्य कादंबऱ्यांनी वाचकांची मने जिंकली. मंजुघोषा (१८६८) या कादंबरीच्या प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबूड यांनी हिंदूंच्या विवाहादी रूढींमुळे त्यांच्या जीवनात मनोरंजक असे काही उरत नाही, म्हणून अद्‌भुताचा आश्रय करावा लागतो, अशा आशयाचे समर्थन केले. ज्या रूढींमुळे कथेला विषय उरत नाही असे रिसबुडांना वाटले, त्याच रूढींतून पदमनजींनी अकरा वर्षांपूर्वी कथा उभी केली होती, ही गोष्ट मात्र त्या काळी लक्षात घेतली गेली नाही. पहिली स्वतंत्र मराठी कादंबरी हा मानही दीर्घकाळ मुक्तामालेकडेच राहिला.

हरि नारायण आपटे यांच्या पण लक्षात कोण घेतो या कादंबरीने १८९० नंतर वाचकांची दृष्टी बदलली. तीतही यमू नावाची विधवा आपली कहाणी सांगते. मात्र तेथे धर्मांतराचा उपाय नाही. आपट्यांच्या यशामुळे सामाजिक कादंबरीस प्रतिष्ठा मिळाली. परंतु तिची परंपरा आपट्यांपासून मोजण्याचा प्रघात पडल्याने यमुनापर्यटन आणखी मागे पडली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ना. सी. फडके यांच्या प्रतिभासाधन (१९३१) सारख्या ग्रंथांमुळे रचनातंत्राला महत्त्व आले. कथानकाची एकसंधता, उत्कंठा व स्वभावरेखन या कसोट्यांवर सुट्या कहाण्यांची ही मालिका तोकडी ठरणे अपरिहार्य होते. हा आक्षेप निराधार नाही. पात्रांचे संवाद अनेकदा प्रवचनाचे रूप घेतात आणि शेवट लेखकाने आधीच ठरविलेला आहे, हे उघड दिसते.

कुसुमावती देशपांडे यांच्या मराठी कादंबरीविषयक ग्रंथाने (दोन भाग, १९५३ व १९५४) पहिल्या शतकाचा सलग आढावा घेतला आणि प्रारंभीच्या कादंबऱ्यांच्या ऐतिहासिक विचारास चालना मिळाली. निर्णायक बदल मात्र भालचंद्र नेमाडे यांच्या विवेचनाने झाला. त्यांनी १९८० च्या सुमारास मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती कल्पून त्यांच्या आरंभी यमुनापर्यटन, मुक्तामाला व मोचनगड (१८७१) या कादंबऱ्या ठेवल्या. त्यांत वास्तवाभिमुख प्रवृत्तीचे मूळ त्यांनी यमुनापर्यटन मध्ये पाहिले. देशीवादाचा पुरस्कार करणाऱ्या समीक्षकाने एका ख्रिस्ती लेखकाच्या प्रचारहेतूने लिहिलेल्या कादंबरीस हे स्थान द्यावे, यात वरवर विसंगती दिसेल. परंतु कृतीचे देशीपण लेखकाच्या धर्मावर नव्हे, तर तिच्या सामाजिक आशयावर अवलंबून असते, हेच त्यातून स्पष्ट होते.

अशा स्थित्यंतरांची उदाहरणे अन्य साहित्यांतही आढळतात. गटेच्या वेर्थर (१७७४) या जर्मन कादंबरीवर १७७५ मध्ये लाइपसिक येथे बंदी आली व त्याच वर्षी निकोलाईने तिचे विडंबन केले. विसाव्या शतकात गेओर्ग लूकाच याने तीच कादंबरी व्यक्ती आणि बूर्झ्वा समाज यांच्या संघर्षाचे चित्रण म्हणून वाचली. हान्स रोबेर्ट याउस या जर्मन अभ्यासकाने १९६७ मध्ये कोन्स्टान्ट्स येथील व्याख्यानात साहित्याचा इतिहास वाचकांच्या बदलत्या अपेक्षांच्या आधारे लिहावा, असे प्रतिपादन केले. यमुनापर्यटन ला हे प्रतिपादन तंतोतंत लागू पडते. मात्र वेर्थर ला आरंभीच अफाट वाचक मिळाले, तर यमुनापर्यटन ला योग्य वाचक मिळण्यास शतकाहून अधिक काळ जावा लागला.

१९७५ नंतरच्या स्त्रीवादी अभ्यासाने आणखी एक प्रश्न पुढे आणला. या कादंबरीत विधवा स्वतः बोलतात, की लेखक त्यांच्या मुखाने बोलतो? याच्याशीच जोडलेला दुसरा प्रश्न व्याप्तीचा आहे. शीर्षकात सर्व हिंदुस्थानाचा उल्लेख असला, तरी सक्तीचे वैधव्य व केशवपन हे मुख्यतः उच्चवर्णीयांचे आचार होते. अनेक जातींत पाटाची चाल होती. जव्हार व मोखाडा (पालघर जिल्हा) या भागांतील वारली समाजात विधवेच्या पुनर्विवाहास रूढीनेच मान्यता होती. त्या स्त्रियांची दुःखे वेगळी होती व ती या पर्यटनाच्या वाटेवर येत नाहीत. ही मर्यादा केवळ पदमनजींची नसून एकोणिसाव्या शतकातील बहुतेक सुधारणावादी लेखनाची आहे.

प्रत्येक पिढीच्या दृष्टिकोनात काही सत्य होते आणि काही निसटलेलेही होते. प्रचारहेतूवर बोट ठेवणाऱ्यांना त्यातील साक्ष दिसली नाही. साक्षीचा गौरव करणाऱ्यांनी प्रचारहेतूकडे कानाडोळा केला, तर ती साक्षही अपुरीच वाचली जाईल. लेखकाचा हेतू आणि त्याने नोंदविलेले दुःख या दोहोंचा एकत्र विचार करणे, हेच या कादंबरीच्या यापुढील समीक्षेचे कार्य आहे.