मसुदा एक, हात अनेक

एखादा अहवाल वा विकास आराखडा चार-पाच जणांनी मिळून तयार करावयाचा असला, की त्याच्या प्रती ई-मेलने फिरू लागतात. प्रत्येक जण आपापल्या प्रतीत दुरुस्ती करतो आणि अखेरीस अंतिम प्रत कोणती, हाच प्रश्न उरतो. यावरील उपाय म्हणजे सामायिक मसुदा. येथे प्रत एकच असते आणि एकाने लिहिलेला शब्द क्षणार्धात इतरांच्या पडद्यावर उमटतो.

कल्पनेचा प्रवास

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट यांनी दूरच्या सहकाऱ्यासमवेत एकाच मजकुरावर काम करण्याचे प्रात्यक्षिक दाखविले. दोघांनी एकाच क्षणी बदल केल्यास काय करावे, या प्रश्नावर एलिस व गिब्ज यांनी १९८९ मध्ये एक रीत मांडली. एकाने आरंभी पाच अक्षरे घातली, तर दुसऱ्याने दहाव्या स्थानी केलेली दुरुस्ती आपोआप पंधराव्या स्थानी नेली जाते. याच तत्त्वावर आधारलेले ‘इथरपॅड’ २००८ मध्ये सुरू झाले. २००९ मध्ये गूगलने ते विकत घेतले व त्याच वर्षी त्याची आज्ञावली सर्वांसाठी खुली झाली.

निवड कशी करावी?

बैठकीचे टिपण वा ठरावाचा मसुदा यांसाठी इथरपॅडसारखे सुटसुटीत साधन पुरेसे ठरते. ते ब्राउझरमध्येच उघडते, प्रत्येकाचे लेखन निराळ्या रंगात दाखविते आणि मजकुराचे आधीचे टप्पेही जपून ठेवते. तक्ते, चित्रे व छपाईची मांडणी हवी असल्यास गूगल डॉक्ससारखी भारी साधने घ्यावीत.

गोपनीयतेचा विचार अधिक महत्त्वाचा आहे. सार्वजनिक इथरपॅडवर सामान्यतः दुवा हाती असलेला कोणीही मजकूर वाचू व बदलू शकतो. ‘क्रिप्टपॅड’मध्ये मजकूर वापरणाऱ्याच्या यंत्रावरच सांकेतिक केला जातो, त्यामुळे सर्व्हर चालविणाऱ्यालाही तो वाचता येत नाही. लाभार्थ्यांचे आधार वा बँक खाते क्रमांक सार्वजनिक साधनांवर कदापि लिहू नयेत. संस्थेचा स्वतःचा सर्व्हर असल्यास इथरपॅड तेथेच बसविता येते.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. जुन्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्याच्या पडद्यावर निरर्थक अक्षरांत दिसतो. विनामूल्य सेवा केव्हाही बंद पडू शकते. म्हणून रोज एक प्रत आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी.

लिहिणारे अनेक असले, तरी अंतिम मजकुराची जबाबदारी एकाकडेच सोपवावी. साधन हलके असावे, उत्तरदायित्व मात्र हलके होऊ नये.