पडद्यावरचा इतिहास – लेखांक ९ : तलवारी, कोयते आणि एक खोटा निरोप

गेल्या आठवड्यात आपण झेक लोकांच्या लाडक्या त्सिमरमनपाशी थांबलो होतो. हा गृहस्थ कधी जन्मालाच आला नाही. 1966 साली रेडिओवरच्या थट्टेतून तो निघाला, मग नाटकात शिरला आणि 1983 साली सिनेमात. 2005 मध्ये ‘सर्वांत थोर झेक कोण?’ अशी मतमोजणी झाली, तेव्हा तो इतका पुढे गेला की काल्पनिक म्हणून त्याला बाद करावं लागलं. आपल्या इतिहासाची अशी टवाळी आपण खपवून घेऊ का, असं काही वाचकांनी विचारलं. पुतळे आणि जयंत्यांचा आपला उत्साह पाहता कठीणच. तरी परेश मोकाशींनी त्या दिशेने एक खिडकी उघडली होती.

2009 चा त्यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा दादासाहेब फाळक्यांवरचा सिनेमा. विषय राष्ट्रीय अभिमानाचा, पण त्यात तुतारी वाजत नाही. नंदू माधवांचे फाळके घरातलं सामान विकतात आणि वर हसतात. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून अखेर हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके साडी नेसतो. स्त्रीपार्ट करायला आलेल्या पुरुषांची खरी अडचण मिशीची. बाप जिवंत असताना ती उतरवायची कशी? सिनेमात काम करणं तेव्हा हलकं समजलं जाई, म्हणून नटांनी बाहेर सांगायचं की आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत. भारतीय सिनेमा असा एका थापेच्या आडोशाने सुरू झाला.

त्या चित्रीकरणाचा एक किस्सा मला इथे हवा आहे. फाळक्यांची मंडळी बाहेरच्या प्रसंगांसाठी वांगणीला पुढे गेली. ढाली-तलवारी घेतलेली माणसं पाहून गावाला वाटलं दरोडेखोर आले. सगळे पोलिसांच्या ताब्यात. मागून फाळके आले, त्यांनी समजावलं आणि म्हणे फिल्म न घालताच कॅमेरा फिरवून एक प्रसंग करून दाखवला, तेव्हा सुटका झाली.

आता तेहेतीस वर्षं पुढे, डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीत या. तलासरी आज वेगळा तालुका आहे, 2014 पासून जिल्हाही पालघर. मे 1945 मध्ये तलासरीजवळच्या झरीला वारल्यांची सभा झाली आणि वेठ करायची नाही असं ठरलं. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर तिथे होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने जन्मभर सावकाराकडे राबायचं, ती लग्नगड्याची चाल तेव्हा मोडू लागली. पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न पेटला.

मग 10 ऑक्टोबर. गोदावरीबाईंच्या बाजूने सांगितली जाणारी हकीकत अशी : जमीनदारांनी पाड्यापाड्यावर खोटा निरोप पाठवला की तलवाड्याला गोदूताईंची सभा आहे, हत्यारं घेऊन या. इकडे पोलिसांना कळवलं की वारली हत्यारं घेऊन दंगा करायला जमलेत. जागा ठरलेली, जमाव आणवलेला, हातात काय धरायचं तेही सांगितलेलं. पोलीस आले, त्यांना सांगितलं होतं तेच दिसलं. गोळीबार झाला तरी लोक हलेनात, कारण ताई येणार होत्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले.

वांगणी आणि तलवाडा. दोन्हीकडे हत्यारं घेतलेली माणसं, दोन्हीकडे पोलिसांचा गैरसमज. पण वांगणीला गैरसमज दूर करायला दिग्दर्शक स्वतः धावत आला. तलवाड्याचे दिग्दर्शक पुढे आलेच नाहीत.

गोदावरीबाईंनी हा काळ ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये लिहिला आणि 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. त्यावर कुणी भव्य चित्रपट काढायचं म्हटलं की मला धास्ती वाटते. धुरकट प्रकाश, संथ चालीतला घोडा, सावकाराची मिशी, आणि वारली म्हणजे मागे उभी राहणारी गर्दी. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशेंची चित्रं पाहावीत. तारपा वाजवणारा मध्ये असतो खरा, पण फेरातल्या प्रत्येकाचे हातपाय तितक्याच निगुतीने काढलेले असतात. तिथे ‘गर्दी’ हा प्रकारच नाही.

माझं मत विचाराल तर या उठावावर विनोदी सिनेमाच निघावा, आणि थट्टा सिनेमावाल्यांचीच व्हावी. मुंबईहून युनिट आलंय. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात सगळे उतरलेत, चिकू खाऊन तृप्त. दुसऱ्या दिवशी सभेचा प्रसंग आहे. प्रॉडक्शनचा पोरगा मोटरसायकलवरून पाड्यापाड्यावर सांगत फिरतो : उद्या सकाळी मैदानावर या, गोदूताईंची सभा आहे, येताना कोयते आणा, जेवण मिळेल. माणसं हसतात, हो म्हणतात. ओट्यावर बसलेला एक म्हातारा मात्र विडी विझवतो आणि विचारतो,

“निरोप कुणी धाडला?”