एकाच ब्राउझरची अक्षरे

महाराष्ट्रापासून दूर, हैदराबादेत राहणाऱ्या मराठी कुटुंबास संगणकावर मराठी वृत्तपत्र वाचावयास मिळू लागले, ही मोठीच सोय झाली. तथापि प्रारंभी तीत एक उणीव होती. संकेतस्थळ पाहण्याच्या साधनास ब्राउझर म्हणतात. मराठी व तेलुगू वृत्तपत्रांची अनेक पाने इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरमध्येच नीट दिसत. २००४ साली निघालेल्या फायरफॉक्समध्ये तीच पाने उघडली, तर बातमीऐवजी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे.

याचे कारण असे. संगणक अक्षराचा आकार नव्हे, तर त्याचा क्रमांक साठवितो. त्या काळी निरनिराळी वृत्तपत्रे आपापला फाँट वापरीत व त्यांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देशी अक्षरांचे आकार बसविलेले असत. पानाबरोबर फाँट पाठविण्याची मायक्रोसॉफ्टची रीत फायरफॉक्सला उमगत नसे. पुढे फायरफॉक्ससाठी ‘पद्म’ हे जोडसाधन निघाले. ते अशी अक्षरे युनिकोडमध्ये पालटून दाखवी. युनिकोडमध्ये ‘म’ या अक्षराचा क्रमांक २३५०. तो सर्वत्र एकच असतो.

जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच इंटरनेट एक्सप्लोररचा आधार काढून घेतला. आज बहुतांच्या हाती असलेले साधन उद्या टिकेलच असे नाही.

आमची घरची भाषा कोंकणी. थोड्यांची गैरसोय आम्हांस अपरिचित नाही. विद्यार्थिमित्रहो, उद्या तुम्ही संकेतस्थळ रचाल, तेव्हा ते सर्वमान्य नियमांनी रचा आणि कमी प्रचारातील ब्राउझरमध्येही एकदा उघडून पाहा. एकही वाचक दारातून परत जाऊ नये.