कोर्टात आपली साक्ष नेमकी लिहितं कोण? लघुलेखकाचं काम आणि नोकरी

मोताळा : धुऱ्याचं भांडण असो, चेक न वटल्याचं प्रकरण असो की रस्त्यावरचा अपघात, साक्षीसाठी कधीतरी कोर्टाची पायरी चढावी लागतेच. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, वकील विचारतात आणि न्यायाधीशांच्या समोर खाली बसलेली एक व्यक्ती संगणकावर भराभर टाईप करत असते. गावाकडं कोणी त्यांना ‘टायपिस्ट’ म्हणतं, कोणी ‘बाबू’. पदाचं नाव आहे लघुलेखक, म्हणजे स्टेनो.

आपण बोललो ते शब्दन् शब्द उतरतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. अमेरिकेतल्या कोर्टात त्यासाठी वेगळे रिपोर्टर असतात, मिनिटाला २२५ शब्द घेणारे. आपल्याकडं असे प्रतिवेदक विधिमंडळात बसतात. तालुका कोर्टात न्यायाधीश साक्षीदाराचं ऐकतात, कागदावर यायचं वाक्य सांगतात आणि स्टेनो ते टाईप करतो. मोठ्या गुन्ह्याच्या खटल्यात साक्ष बहुतेक वेळा सलग मजकुरासारखी लिहिली जाते. गरज वाटली तर न्यायाधीश प्रश्न आणि उत्तर दोन्ही नोंदवून घेऊ शकतात. किरकोळ समन्स खटल्यात तर साक्षीचा सारांशच घेतात.

फरक पडतो तो इथं. समजा, वकिलांनी विचारलं, “त्या दिवशी तुम्ही धुऱ्यावर नव्हताच, खरं ना?” साक्षीदार म्हणतो, “नाही.” आता हा ‘नाही’ कशाला? नव्हतो याला, की वकिलाच्या म्हणण्याला? कागदावर येतं, ‘हे म्हणणे खरे नाही की, मी त्या दिवशी बांधावर नव्हतो.’ म्हणजे साक्षीदार तिथं होता! एका ‘नाही’वर एवढं अवलंबून. म्हणून “मी तिथंच होतो” असं पूर्ण वाक्य बोललेलं बरं. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारायला सांगावं, त्यात लाज नाही.

साक्ष संपली की सही करायची घाई होते, वावरातलं काम डोळ्यासमोर असतं. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१३ प्रमाणे, मोठ्या गुन्ह्याच्या खटल्यात ही साक्ष आरोपी किंवा त्याच्या वकिलासमोर साक्षीदाराला वाचून दाखवायची असते आणि गरज असेल तर दुरुस्त करायची असते. जुन्या कायद्यात हेच कलम २७८ होतं. दुरुस्ती मान्य झाली नाही, तरी साक्षीदाराची हरकत न्यायाधीश नोंदवून ठेवू शकतात. नोंद दुसऱ्या भाषेत असेल आणि ती कळत नसेल तर समजावून सांगावी लागते. हे सांगायचं न्यायाधीशांना, स्टेनोला नव्हे. स्वतःच्या मनानं एक शब्दही बदलायचा अधिकार त्याला नाही.

दिवाणी दाव्यात सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर होते. ते वकिलाकडं तयार होतं, तेव्हा तिथंच नीट वाचून घ्यावं. उलटतपासणी मात्र कोर्टात टाईप होते.

साक्षी घेतल्या की स्टेनोचं काम संपत नाही. आदेश आणि निकालाचं डिक्टेशन घ्यायचं, ते टाईप करून न्यायाधीशांकडून तपासून घ्यायचं. निकाल जाहीर होईपर्यंत त्यातलं अक्षरही बाहेर जाता कामा नये. घरच्या माणसालाही सांगता येत नाही.

ही नोकरी एमपीएससीतून मिळत नाही. जिल्हा न्यायालयांची भरती उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली होते. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी ४,६२९ पदांची जाहिरात निघाली, त्यात लघुलेखक श्रेणी-३ ची ५६८ पदं होती. वेतनश्रेणी ३८,६०० ते १,२२,८०० रुपये, वर भत्ते. त्याच जाहिरातीत कनिष्ठ लिपिकाची श्रेणी १९,९०० पासून होती, म्हणजे सुरुवातीचा पगार जवळपास निम्मा. पुढं श्रेणी-२ आणि श्रेणी-१ अशी बढतीची वाट आहे.

पगार चांगला, पण अट कडक. पदवी तर हवीच, शिवाय लघुलेखन इंग्रजी मिनिटाला १०० आणि मराठी ८० शब्द, टायपिंग इंग्रजी ४० आणि मराठी ३०. टायपिंगचं प्रमाणपत्र गावोगावच्या पोरांकडं आहे, लघुलेखनाचं मात्र क्वचितच. या परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. लघुलेखन चार-दोन महिन्यांत येत नाही, रोज हात चालवावा लागतो. त्यामुळं जाहिरात निघाल्यावर क्लास शोधणाऱ्याला उशीर झालेला असतो. मागच्या वेळी अर्जाला ४ ते १८ डिसेंबर एवढेच दिवस होते.